घमेल्यापासून ओळंब्यापर्यंत

गावातील शाळेची खोली असो वा शहरातील उत्तुंग इमारत, बांधकाम सुरू झाले की घमेली वाहणाऱ्या स्त्रियांची रांग तेथे दिसतेच. वाळू चाळणे, विटा वाहणे, माल कालविणे, ओल्या बांधकामावर पाणी मारणे ही कामे पिढ्यान् पिढ्या त्यांच्याकडे चालत आली. थापी आणि ओळंबा मात्र सहसा पुरुषाच्याच हाती राहिला. बिगारी म्हणून आलेला तरुण काही वर्षांत गवंडी होतो, पुढे ठेकेदारही होतो. त्याच्याबरोबर कामावर आलेली स्त्री बहुधा अखेरपर्यंत बिगारीच राहते.

हा प्रश्न केवळ प्रतिष्ठेचा नाही, मजुरीचाही आहे. समान कामासाठी स्त्री-पुरुषांना समान वेतन द्यावे, असे १९७६ च्या कायद्याने ठरविले. २०१९ च्या वेतन संहितेनेही तेच तत्त्व स्वीकारले. परंतु मुळात कामच समान दिले गेले नाही, तर या तत्त्वाचा लाभ स्त्रियांपर्यंत पोहोचत नाही. कुशल कामगाराचा दर मिळावयाचा, तर कौशल्य शिकण्याची संधी आधी मिळाली पाहिजे.

किल्लारीचा धडा

ही संधी मिळाल्यास काय घडू शकते, हे मराठवाड्याने पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत भूकंप झाला. हजारो माणसे प्रामुख्याने स्वतःच्याच घरांखाली गाडली गेली. दगडमातीच्या जाड भिंतींत आतील व बाहेरील थर एकमेकांस बांधलेले नव्हते. त्यावर माळवदाच्या मातीचा प्रचंड भार होता.

सर्वाधिक हानी झालेली गावे नव्या जागी वसविण्यात आली. तथापि त्यांहून कितीतरी अधिक गावांत जुनीच घरे दुरुस्त करून मजबूत करावयाची होती. शासनाने हप्त्यांनी अर्थसाहाय्य द्यावे व घरमालकाने काम करून घ्यावे, अशी ही योजना होती. तीत लोकसहभाग साधण्याचे काम शासनाने ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेकडे सोपविले. हजाराहून अधिक गावांत स्थानिक स्त्रिया ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आल्या.

भिंतीत आरपार दगड का बसवावयाचे, माळवदावरील माती का कमी करावयाची, मदतीचा पैसा कोठे खर्ची पडला पाहिजे, हे त्या स्वतः शिकल्या आणि घरोघरी समजावू लागल्या. अभियंत्यांशी बोलून अडचणी सोडवू लागल्या. काहींनी गवंडीकामही शिकून घेतले. २००१ मध्ये कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा या भागातील स्त्रिया आपला अनुभव घेऊन तेथील भगिनींच्या भेटीस गेल्या. ज्यांचे हात केवळ दगड वाहत होते, त्याच आता भिंत कशी असावी हे सांगत होत्या.

पंचायतींना काय करता येईल?

महाराष्ट्रातील पंचायतींत २०११ पासून स्त्रियांसाठी निम्म्या जागा राखीव आहेत. घरकुले, शाळाखोल्या, अंगणवाड्या यांच्या बांधकामावर देखरेख ठेवण्याचे काम जाणत्या स्त्रियांच्या समितीकडे देणे पंचायतीला अवघड नाही. गवंडी प्रशिक्षणासाठी नावे सुचविताना स्त्रियांची नावे आवर्जून घालावीत.

नोंदणीकडेही लक्ष हवे. १९९६ च्या कायद्याने, वर्षात किमान ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या १८ ते ६० वर्षे वयाच्या कामगारास कल्याण मंडळाकडे नोंदणीचा हक्क दिला. पुढे सामाजिक सुरक्षा संहितेतही ही अट कायम ठेवण्यात आली. पती-पत्नी जोडीने कामावर जातात, परंतु नोंद अनेकदा पतीचीच होते. ९० दिवसांच्या कामाचा दाखला देताना पत्नीच्याही कामाचे दिवस मोजले जातात की नाही, हे गावपातळीवरच पाहता येईल.

घर बहुतांशी स्त्रीच सांभाळते. ते कसे उभे राहावे, हे ठरविण्याचा आणि ते स्वतः उभारण्याचा अधिकारही तिला मिळाला, तर तिची मजुरी वाढेल आणि गावातील घरेही अधिक सुरक्षित होतील.