ड्रायर उचलत नाही? आधी आवाज ऐका

आषाढ वद्य एकादशीला, पंढरीची वारी करून आलेले वारकरी परतवारीसाठी नरसी नामदेवला येतात. कयाधूकाठच्या या गावात आणि हिंगोलीकडच्या आसपासच्या खेड्यांत तेव्हा घरात पाहुणे असतात आणि बाहेर पावसाची झड. दोरीवरचं लुगडं दुसऱ्या दिवशीही दमटच लागतं. नेमका तेव्हाच वॉशिंग मशीनचा ड्रायर बंद पडला, की घरातला एक जण तरी छातीठोकपणे सांगतो, "मोटर जळली." मोटर जळतेही, पण बहुतेकदा बिघाड तिच्या अलीकडेच कुठेतरी असतो आणि मोटरीच्या खर्चापुढे तो किरकोळ असतो.

आपल्याकडे ड्रायर म्हणतात तो सेमी-ऑटोमॅटिक मशीनमधला छोटा टब. त्यात हीटर नसतो. मिनिटाला तेराशे-चौदाशे फेऱ्यांच्या वेगाने फिरून तो कपड्यातलं पाणी बाहेर फेकतो. म्हणून "ड्रायर गरम होत नाही" ही तक्रारच चुकीची आहे. परदेशातल्या मराठी घरांत गरम हवेचा ड्रायर असतो, त्याची दुखणी वेगळी. तिथे कपड्यांची लव साचून हवेचा मार्ग तुंबतो, आतली उष्णता वाढते, थर्मल फ्यूज उडतो आणि काही मॉडेलमध्ये त्यामुळे अख्खं यंत्रच सुरू होत नाही.

"धुण्याची बाजू चालते, म्हणजे करंट येतोय; ड्रायरची मोटरच गेली." हे अर्धंच खरं. या मशीनमध्ये मोटरी दोन आणि टायमरही दोन. धुण्याची बाजू चालली तर एवढंच कळतं, की प्लगपर्यंत आणि मशीनपर्यंत वीज पोहोचते आहे. ड्रायरच्या मोटरीपर्यंत जाताना तिला टायमर आणि झाकणाचा स्विच ओलांडावा लागतो.

म्हणून आधी आवाज ऐकावा. टायमर फिरवल्यावर काहीच ऐकू येत नसेल, तर संशय टायमर, झाकणाचा स्विच किंवा तुटलेली वायर यांच्यावर घ्यावा. बऱ्याच मशीन खालून उघड्या असतात. पावसाळ्यात उंदीर आत शिरून वायर कुरतडतो, हे खेड्यातल्या प्रत्येक मेकॅनिकला पाठ आहे. झाकणाचा स्विच म्हणजे बिजागरीजवळ बसवलेल्या दोन पितळी पट्ट्या. झाकण पूर्ण बसलं की त्या एकमेकींना टेकतात. टोकांवर काजळी धरली, किंवा झाकणाचा दाबणारा प्लॅस्टिकचा कोंब झिजला, तर झाकण लावूनही मशीनला ते उघडंच वाटतं. शांत राहण्याचं आणखी एक कारण म्हणजे लागोपाठ घाणे टाकून तापलेली मोटर. आतलं संरक्षण तिला बंद करतं आणि निवल्यावर ती आपोआप चालू होते. म्हणून अर्धा तास थांबून पाहायला हरकत नाही.

घुंऽऽ असा आवाज येतो पण टब फिरत नाही, तेव्हा मोटरीपर्यंत वीज पोहोचलेली असते. मग कपॅसिटर कमजोर झालेला असतो, ब्रेक अडकलेला असतो किंवा टब जाम असतो. रुमाल, मोजा, बाळाचं टोपरं टबाच्या कडेवरून निसटून खाली जातं आणि फिरणं अडवतं. कपड्यांवर ठेवायची जाळीची चकती त्यासाठीच असते, पण कित्येक घरांत ती पहिल्या महिन्यातच माळ्यावर जाते. खालचं रबरी सील फाटलं तर पाणी मोटरीवर ठिबकतं आणि बेअरिंग गंजतं. निचऱ्याचा पाइप मोरीच्या कठड्यावर टांगलेला असेल तर पाणी बाहेर जात नाही, टब पाण्यातच घुसळत राहतो आणि वेग धरत नाही. असा घुंघुं करणारा ड्रायर लगेच बंद करावा. मोटर खरोखर जळते ती अशा वेळी तसाच चालू ठेवल्यामुळे.

"झाकण उघडून टब फिरवला तर जड लागतो, म्हणजे जाम झाला." हा तर फारच पसरलेला गैरसमज. झाकण उघडलं की ब्रेकची पट्टी आवळते, त्यामुळे टब जड लागणारच. ब्रेक मोकळा आहे की नाही हे प्लग काढून, झाकण लावून, मागच्या बाजूने पाहावं लागतं. झाकणापासून ब्रेकला जाणारी तार सुटलेली किंवा गंजलेली असेल तर झाकण लावल्यावरही ब्रेक सुटत नाही.

"हाताने एक झटका दिला की चालतो." चालतोही, कारण कपॅसिटर गेला तरी ढकललेल्या दिशेला मोटर फिरू लागते. पण त्यासाठी झाकणाचा स्विच आधीच "डायरेक्ट" केलेला, म्हणजे वगळून वायर थेट जोडलेली असते, आणि ही गोष्ट मला सगळ्यात जास्त भिववते. चौदाशे फेऱ्यांनी फिरणाऱ्या टबात साडीचा पदर, बांगडी किंवा लहान मुलाचा हात गेला, तर सोडवायला क्षणही मिळत नाही. कपॅसिटर बदलायचा तर त्यावर लिहिलेल्या मायक्रोफॅरडचाच घ्यावा, आणि काम मेकॅनिकनेच करावं. आतली वायर तुटलेली असेल तर प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहू शकते.

लाईट कमी असली की मोटर उचलत नाही, हे पंपवाल्या शेतकऱ्याला सांगायला नको. मोटरीची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. 230 ऐवजी 160 व्होल्ट आले तर ताकद निम्म्याहूनही कमी उरते. डीपीवर ताण असताना रुसलेला ड्रायर रात्री उशिरा सुरळीत चालला, तर मशीन उघडायची गरजच नाही. भिजलेली वाकळ टाकल्यावर तो बसून राहिला, तर आधी वाकळ बाहेर काढा.

मशीनला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर ड्रायर चालू असो की बंद, प्लग आधी काढा आणि अर्थिंग तपासून घ्या. तिसरी पिन तोडून मशीन चालवू नका.

दुरुस्ती झाल्यावर मेकॅनिकला समोर उभं करून ड्रायर सुरू करायला लावा आणि पूर्ण वेगात असताना झाकण उचलायला सांगा. मोटर तिथल्या तिथे बंद पडली पाहिजे आणि टब काही सेकंदांत थांबला पाहिजे. तो फिरतच राहिला, तर स्विच डायरेक्ट केलेला आहे किंवा ब्रेक लागत नाही. ते नीट करून दिल्याशिवाय पैसे देऊ नका.