तोच संदेश, पाच ठिकाणी

आपल्या इंदुरात घरटी रामबागेचा, कुळाचा, भिशीचा असे तीन-चार व्हॉट्सॲप गट असतात आणि माणसे पुष्कळशी तीच. तोच संदेश चारदा वाचणे हा त्रास किरकोळ म्हणू. पण धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून भिक्षेसाठी आलेल्या पाच जणांना जमावाने मारहाण करून ठार केले. त्या काळात अशा अफवा गटागटांतून फिरत होत्या. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे धाडण्याची मर्यादा जाहीर केली. (पाच म्हणजेही थोडे नव्हेत!)

ॲडमिनचे काय? गोंदियाच्या एका प्रकरणात नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये म्हटले, की तो मजकूर आधी तपासू शकत नाही. समान हेतू असल्यावाचून सदस्याच्या लेखनाला तो जबाबदार नाही. पुढे २०२२ मध्ये दुसऱ्याचा संदेश सर्वांसाठी काढून टाकण्याची सोय त्याला मिळाली. तेव्हा काय काढणार, हे त्याने आधीच सांगून ठेवावे. नाहीतर काकांचा संदेश गेला की घरात अबोला. आपणही वार्ता जिथली तिथेच घालावी. दुसरीकडे धाडलीच, तर तसे वर लिहावे. आणि मुले पळवल्याची बातमी आली, तर ती पुढे न धाडता आधी पोलीस ठाण्यात फोन करून विचारावे.