लेव्हल नव्हे, जॉब वाढवा!

मोबाइलवर जॉब सिस्टीम नीट शिकायची असेल, तर फायनल फँटसी ५ खेळाच. मूळ गेम १९९२ चा, फोनवरची पिक्सेल रीमास्टर आवृत्ती २०२१ ची.

चार जणांची पार्टी, आणि कुणालाही कोणताही जॉब, म्हणजे लढाईतली भूमिका, देता येतो. लढाई जिंकली की अनुभवाच्या गुणांसोबत एबीपी मिळतात. त्यावर जॉब वाढतो आणि नवी कौशल्यं येतात. खरी गंमत पुढे आहे: शिकलेलं कौशल्य दुसऱ्या जॉबमध्येही वापरता येतं. म्हणजे नाइट ढाल घेऊन पुढे उभा आणि तोच जखमाही बऱ्या करतोय!

ग्राइंडिंग, म्हणजे गुणांसाठी त्याच लढाया पुन्हा पुन्हा, कुठे करायचं? पार्टीतल्या गॅलफच्या बाल किल्ल्याच्या तळघरात. तिथले दगडी पुतळे लेव्हल २० चे. ब्लू मेज या जॉबचा ‘लेव्हल ५ डेथ’ हा मंत्र पाचने भाग जाणाऱ्या लेव्हलच्या शत्रूंवर चालतो, त्यामुळे एका मंत्रात अख्खी रांग आडवी. मंत्र शिकला नसेल, तर एकेका पुतळ्यावर गोल्ड नीडल ही वस्तू वापरा.

माझी आवडती जोडी: निंजाचं दोन्ही हातांत शस्त्र धरणं आणि रेंजरचं रॅपिड फायर. एका वळणात आठ वार!

शेवटी फ्रीलान्सर या सुरुवातीच्या जॉबकडे परत या. पूर्ण शिकलेल्या जॉबची ताकद त्याच्यात उतरते. कसलीच मेहनत वाया जात नाही, म्हणूनच हा गेम मला इतका प्रिय आहे.

तुमची पार्टी कोणती? नक्की सांगा.

#फायनलफँटसी #मोबाइलगेमिंग