उल्हासचे गोडे पाणी आणि खाडीकाठची शहरे

ठाण्यातील वागळे इस्टेटमध्ये 1 ऑगस्ट 1962 रोजी तत्कालीन मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या समारंभात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा, म्हणजे एमआयडीसीचा, जन्म झाला. उद्योजकाला भूखंड आणि रस्ता देऊन भागणार नाही, पाण्याची व्यवस्थाही महामंडळालाच उभारावी लागेल, हे पुढे लवकरच स्पष्ट झाले. आज या वसाहतीतील नुसत्या क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या रस्त्यांवर जुन्या कारखान्यांच्या जोडीला काचेच्या दर्शनी भिंतींची कार्यालये उभी आहेत, तर भोवती किसननगर, श्रीनगर, लोकमान्यनगर अशा दाट वस्त्या पसरल्या आहेत. या वस्त्यांतील दिवसाचा क्रम अजूनही ‘पाण्याच्या वेळे’वर बेतलेला असतो. ही वेळ कोठे आणि कोणत्या कामातून ठरते, हे समजून घ्यायचे तर उल्हास नदीच्या खोऱ्यात शहरामागून शहर वर चढत जावे लागते.

या प्रवासात प्रथम ध्यानात येते ती खाडी. सह्याद्रीत राजमाचीच्या परिसरात उगम पावणारी उल्हास कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर आणि उल्हासनगर यांच्या काठाने कल्याणपर्यंत गोडी राहते. तेथून पुढे मात्र भरतीचे पाणी आत चढत असल्याने तिची खाडी होते. समुद्राची गलबते याच भरतीवर आत येत असल्यामुळे कल्याण हे सातवाहन काळापासून बंदर म्हणून नावारूपाला आले. ज्या भरतीने व्यापार आणला, तिनेच खालच्या गावांचे पिण्याचे पाणी खारे केले. डोंबिवली आणि ठाणे ही दोन्ही शहरे विस्तीर्ण पात्राच्या काठी वसूनही त्या पात्रातील तांब्याभर पाणी पिऊ शकत नाहीत. ते वरच्या अंगाने, भरतीच्या हद्दीपलीकडून, नळातून आणावे लागते.

वरच्या अंगाचे हे पाणीही केवळ निसर्गाच्या भरवशावर बारमाही राहिलेले नाही. कोकणातील नद्या पावसाळ्यात दुथडी भरून वाहतात आणि फाल्गुन-चैत्रात रोडावतात, हा सर्वसाधारण नियम आहे. उल्हास त्याला अपवाद ठरते ती मुख्यतः दोन धरणांमुळे. मावळातील आंद्रा नदीवर टाटांनी ठोकरवाडी येथे बांधलेल्या धरणाचे पाणी 1922 पासून सह्याद्रीच्या कड्यावरून भिवपुरीच्या वीजगृहात सोडले जाते आणि वीज निर्माण करून बाहेर पडलेले हे पाणी, ज्याला अवजल म्हणतात, उल्हासला मिळते. इंद्रायणी-भीमेच्या वाटेने पूर्वेला जाणारा प्रवाह अशा रीतीने पश्चिमेकडे वळला आहे. दुसरे धरण बारवी नदीवरचे. एमआयडीसीने 1972 मध्ये बांधलेल्या या धरणाची उंची टप्प्याटप्प्याने वाढवण्यात आली असून त्याची साठवणक्षमता आता 338.84 दशलक्ष घनमीटर आहे. येथून सोडलेले पाणी नदीच्याच पात्रातून आपटी येथील बंधाऱ्यापर्यंत येते, तेथे उचलले जाते आणि जांभूळ येथील केंद्रात शुद्ध होऊन अंबरनाथ, उल्हासनगर, डोंबिवली आणि ठाण्याच्या काही भागांकडे निघते.

उपशाच्या अशा जागा नदीकाठी ओळीने आढळतात. बदलापूरला महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाचे बॅरेज, मोहिलीला कल्याण-डोंबिवली महापालिकेचे केंद्र, शहाडला ‘स्टेम’ या नावाने परिचित असलेल्या शहाड-टेमघर योजनेचे केंद्र. शिवाय याच खोऱ्यातील भातसा नदीवर पिसे येथील बंधारा, जेथून मुंबई आणि ठाणे या दोन्ही महापालिका पाणी घेतात. सर्वत्र रचना सारखीच असते. पात्रालगत खोल जॅकवेल, म्हणजे नदीचे पाणी जाळीतून आत घेणारी विहीर, तिच्यावर पंपगृह, आणि पंपाने ढकललेले पाणी टेकडीवरच्या शुद्धीकरण केंद्रापर्यंत चढवणारी ऊर्ध्ववाहिनी. उन्हाळ्यात जाळीशी जलपर्णीचे थर अडकतात आणि ते काढत राहावे लागते. पावसाळ्यात पूर मोहिलीच्या केंद्रापर्यंत चढला तर पंप बंद ठेवावे लागतात आणि नदी दुथडी वाहत असताना शहरातले नळ कोरडे पडतात.

शुद्धीकरण केंद्राचे खरे मर्म प्रयोगशाळेतील एका ओट्यावर पाहायला मिळते. तेथे एका ओळीत मांडलेल्या सहा चंचुपात्रांत सारखेच गढूळ पाणी घेतात, प्रत्येकात तुरटीची मात्रा थोडी थोडी वाढवत नेतात आणि वर बसवलेली सहा पाती आधी वेगाने, मग संथ फिरवतात. थोड्या वेळाने काही पात्रांत मातीचे सूक्ष्म कण एकमेकांना बिलगून कापसाच्या पुंजक्यांसारखे दिसू लागतात. पाती थांबली की ते तळाशी बसतात. ज्या पात्रात कमीत कमी तुरटीत वरचे पाणी नितळ झाले, ती त्या वेळची मात्रा. ‘जार टेस्ट’ या नावाने ओळखली जाणारी ही चाचणी पावसाळ्यात वरचेवर करावी लागते, कारण कर्जतकडे जोराची सर आली की काही तासांत गढूळपणा वाढतो आणि सकाळी ठरवलेली मात्रा दुपारी पुरत नाही. हीच क्रिया पुढे मोठ्या गोल टाक्यांत घडते; नितळलेले पाणी वाळूच्या थरांतून गाळले जाते, वाळू तुंबली की खालून उलट दिशेने पाणी आणि हवा सोडून ती धुतली जाते आणि शेवटी क्लोरीन मिसळला जातो. क्लोरीन जंतू मारण्यापुरता घालून चालत नाही. मैलोगणती वाहिनीतून गेल्यानंतर शेवटच्या नळालाही तो लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम उरावा लागतो, कारण वाटेत झिरपणाऱ्या दूषित पाण्यापासून तेवढेच संरक्षण असते.

शुद्ध पाणी उंच जलकुंभात चढल्यानंतर त्याची वाटणी व्हॉल्व्हमनच्या हाती येते. लांब दांड्याची लोखंडी चावी खड्ड्यातील व्हॉल्व्हच्या माथ्यावर बसवून तो अंगाच्या जोराने ती फिरवतो आणि मोजतो ते आटे. कोणती गल्ली चढावर आहे, कोठे किती आटे उघडले म्हणजे शेवटच्या चाळीपर्यंत दाब पोहोचतो, कोठे एक आटा जास्त झाला तर वरची वस्ती कोरडी राहते, हे नकाशावर नसलेले ज्ञान त्याच्या हातात असते. वागळे इस्टेटच्या मागे येऊरचे डोंगर चढू लागतात, त्यामुळे या भागात सखल आणि उंच वस्त्यांमधला समतोल विशेष जिकिरीचा ठरतो. दुरुस्तीसाठी ‘शटडाऊन’ घेतल्यानंतर पुढचे एक-दोन दिवस पाणी कमी दाबाने येते, त्याचे कारणही येथे उमगते: रिकाम्या झालेल्या वाहिन्यांतील हवा हळूहळू बाहेर काढत त्या पुन्हा भराव्या लागतात, घाई केल्यास वाहिनी फुटते.

येथवर पाण्याचा प्रवास खाली येण्याचा आहे. त्याचा उलट हिशेबही मांडला पाहिजे. काकोळे परिसरातून निघणारी आणि अंबरनाथच्या इसवी सन 1060 मधील शिवमंदिराशेजारून वाहणारी वालधुनी अंबरनाथ-उल्हासनगरचे सांडपाणी घेऊन कल्याणच्या खाडीला मिळते. उल्हासनगरच्या खेमाणी नाल्यासह नदीत जाणाऱ्या सांडपाण्याचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवाद आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. प्रत्येक शहर स्वतःच्या उपसा केंद्राच्या वरच्या पात्राला नदी मानते आणि खालच्या पात्राला नाला. परंतु एकाचे खालचे पात्र हेच पुढच्याचे वरचे पात्र असते. त्याची किंमत शुद्धीकरण केंद्रात रोज मोजली जाते. सांडपाण्यातील अमोनिया क्लोरीनशी संयोग पावून तो अडवून ठेवतो आणि तेवढाच परिणाम साधण्यासाठी अधिक क्लोरीन ओतावा लागतो.

म्हणूनच केंद्रातील नोंदवही हा नदीच्या प्रकृतीचा सर्वांत प्रामाणिक दस्तऐवज आहे. तुरटीची मात्रा खोऱ्यातली माती किती वाहून येते ते सांगते, क्लोरीनची मात्रा वरच्या शहरांनी काय सोडले ते सांगते. आज ही वही अभियंते आणि रसायनशास्त्रज्ञ यांच्यापुरती राहते. भिवपुरीपासून वागळे इस्टेटपर्यंतच्या शहरांनी आपापल्या केंद्रांचे हे दोन आकडे रोज प्रभाग कार्यालयाच्या फलकावर लावले, तर कोणत्या शहरापाशी नदी बिघडते हे नागरिकांना स्वतः ताडून पाहता येईल आणि सांडपाणी प्रक्रियेसाठी पैसा मागताना कोणालाही शेजारच्या पालिकेकडे बोट दाखवता येणार नाही. ज्या खोऱ्याने धरणे, बंधारे आणि वाहिन्या एकत्रितपणे वापरल्या, त्याने हिशेबही एकत्रच ठेवला पाहिजे.