मडगार्ड काढून या

पुणे ग्रँड टूरचे सायकलस्वार जानेवारीत शेजारच्या जिल्ह्यातून सुसाट गेले. त्यांच्यासाठी रस्ते कसे गुळगुळीत झाले, तेही नगरकरांनी पाहिले. सायकल शर्यत म्हणजे डांबर, ही समजूत त्याने आणखी घट्ट झाली. आता पाऊस तोंडावर आलाय, तेव्हा चिखलातच रंगणाऱ्या शर्यतीबद्दल बोलू. तिचे नाव सायक्लोक्रॉस.

साधारण तीन किलोमीटरचा फेरा आणि तासाभराची झुंज. वाटेत गवत, वाळू, चढ आणि ४० सेंटिमीटरपर्यंत उंचीच्या आडव्या फळ्या. तिथे उतरायचे, सायकल उचलून पळायचे आणि पळता पळताच पुन्हा स्वार व्हायचे. फ्रान्समध्ये १९०२ साली पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. १९१०चा टूर द फ्रान्स विजेता ऑक्ताव लापिझ आपल्या यशाचे श्रेय याच चिखलाला देत असे. १९५०पासून जागतिक स्पर्धा होते.

हे सगळे वाचताना मला शेवगावकडचे काळे रान आठवते. पहिला पाऊस झाला की वडील पाना घेऊन सायकलची दोन्ही मडगार्ड उतरवत आणि भिंतीला टांगत. कारण सोपे होते. काळ्या मातीतले बारीक चिकण कण पाणी पिऊन फुगतात, टायरला थरावर थर चढतो आणि मडगार्डखाली गच्च बसून चाक जाम होते. मग तुराटीने माती खरवडायची. तेवढ्याने भागले नाही तर दांडीखाली खांदा घालायचा आणि चालू लागायचे. गावोगावचे दूधवालेही असेच चालत. पुढे कळले, सायक्लोक्रॉसच्या सायकलीतही चाक आणि फोर्कमध्ये मुद्दाम मोकळी जागा ठेवतात, ती याच कारणाने. युरोपातल्या कारागिरांना जे सुचले, ते आमच्याकडे एका पान्याने होत होते.

चिखलाची पारखही शेतकऱ्याकडेच आहे. मुसळधार पावसात माती पातळ होते, चाकावरून निथळून जाते. पाऊस थांबला आणि ऊन पडले की तीच माती सर्वांत जास्त धरते. वाफसा आला की पुन्हा सुटी होते. एकच माळ सकाळी एक आणि दुपारी दुसरा असतो. कुठे पॅडल मारायचे आणि कुठे उतरून पळायचे, हा निर्णय यावरच ठरतो. जिल्ह्याच्या पश्चिमेला अकोले तालुक्यातली तांबूस माती इतकी चिकटत नाही, तिथे निसरडे उतार परीक्षा घेतात.

म्हणून मला मनापासून वाटते, हौशी सायक्लोक्रॉस या जिल्ह्यात रुजायला हवा. त्याला घाट बंद करावा लागत नाही, रस्ता नवा करावा लागत नाही. फेरा छोटा असल्याने कुस्तीच्या फडासारखी माणसे कडेने उभी राहतील आणि शेवटचा गडीही पुन्हा पुन्हा त्यांच्यासमोरून जाईल. पथ्ये मात्र पाळावीत. ओल्या वावरात चाके घालू नयेत, माती दबते आणि पिकाला भोवते. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यही सोडून द्यावे. गावाबाहेरचा पडीक माळ पुरे.

महागडी सायकल आधी नको. घरात पडून असलेली, ब्रेक नीट लागणारी सायकल चालेल. पोरांना एवढेच सांगावे: येताना मडगार्ड काढून या.