घराची डागडुजी

पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर येणारा पाऊस विलेपार्ल्याच्या घरांना चार महिने झोडपीत असतो. शेजारच्या सांताक्रुझ येथील वेधशाळेत या काळात सरासरी २,००० मिलिमीटरांहून अधिक पावसाची नोंद होते. एवढे सारे पाणी जमिनीवर जसेच्या तसे साचून राहिले, तर ते मोठ्या माणसाच्या डोक्यावरून जाईल! २६ जुलै २००५ च्या सकाळपासून चोवीस तासांत तर तेथे ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. अशा पावसाला भिंतीतील केसाएवढी फटही पुरेशी होते.

पुढे दिवाळी जवळ आली की भिंतीवरचे काळे-पिवळे डाग घरच्यांच्या डोळ्यांत सलू लागतात. मग रंगारी येतो, डाग झाकले जातात, घर झळाळून निघते. परंतु दुसऱ्या श्रावणात त्याच जागी रंगाचे पोपडे सुटतात आणि सारे जण रंगाला नावे ठेवू लागतात. वास्तविक घरात रंगाइतका निरपराधी पदार्थ दुसरा नसेल. ओल भिंतीच्या आत असते. ती बाहेर येताना रंगाला आपल्यापुढे ढकलते, एवढेच. म्हणून खर्च वाचवू इच्छिणाऱ्याने रंगाच्या दुकानात जाण्यापूर्वी एक प्रश्न सोडवला पाहिजे : हे पाणी येते कोठून?

कंदिलाची वात तेल वर ओढते, तशी वीट आणि गिलाव्यातील बारीक छिद्रे पाणी ओढून घेतात. याला केशाकर्षण म्हणतात. त्यामुळे पाणी शिरते एकीकडे आणि डाग उमटतो दुसरीकडे. सुदैवाने याचा शोध घेण्याची एक सोपी युक्ती आहे, आणि ती तुम्हांलाही करता येईल. भिंतीचा ओलसर भाग फडक्याने कोरडा करावा. त्यावर फूटभर लांबरुंद असा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा ठेवून त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात. दोन दिवसांनी पाहावे. प्लास्टिकच्या आतल्या, म्हणजे भिंतीकडील बाजूस थेंब दिसले, तर पाणी भिंतीतून येत आहे. थेंब खोलीकडील बाजूस असतील, तर ती खोलीतल्या हवेतील वाफ होय. पावसाळ्यात घरात वाळत घातलेले कपडे आणि स्वयंपाकघरातील वाफ यांचा तो प्रताप. अशा वेळी खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि कपाट भिंतीपासून वीतभर पुढे सरकवावे. या उपायाला एक पैसाही लागत नाही!

पाणी भिंतीतूनच येत असेल, तर तपास पुढे चालवावा. छताजवळ डाग असेल तर गच्चीकडे पाहावे, खिडकीभोवती असेल तर चौकटीच्या सांध्याकडे. न्हाणीघराला लागून असलेली भिंत मे महिन्यातही ओली राहत असेल, तर बिचाऱ्या पावसाकडे बोट दाखवता येत नाही. तेथे नळ गळत आहे असे समजावे. गच्चीवरील पाणी वाहून नेणाऱ्या नळाच्या तोंडाशी पाने आणि पिशव्या अडकल्यामुळे तळे साचते. वडील मंडळींनी जून उजाडण्यापूर्वी ते तोंड साफ केले, तरी पुष्कळ काम होते. भिंतीच्या फटीत पिंपळाचे रोप उगवलेले तुम्ही पाहिले असेल. पक्ष्यांच्या विष्ठेतून त्याचे बी तेथे येते. दोन पानांचे असतानाच ते मुळासकट उपटावे. नुसता शेंडा खुडला तर मूळ आत वाढतच राहते आणि फट रुंद करते.

मात्र सर्वच कामे घरी करावयाची नसतात. उंचावर चढणे, विजेच्या तारांना हात लावणे आणि भिंत फोडणे ही कामे जाणकारांचीच. काँक्रीटमधील लोखंडी सळई गंजली म्हणजे फुगते आणि भोवतालचे काँक्रीट फोडून टाकते. तेथे वरून लिंपण करून भागत नाही, अभियंत्यालाच बोलवावे लागते. तीस वर्षांहून जुन्या इमारतींची अशी तपासणी मुंबईत कायद्यानेच आवश्यक ठरविली आहे.

ओल थांबून भिंत पूर्ण वाळली की मग रंग. पण त्याआधी थोडे गणित करावे. खोली १२ फूट लांब, १० फूट रुंद व १० फूट उंच असेल, तर चार भिंतींचे क्षेत्रफळ ४४० चौरस फूट होते. त्यातून ३ फूट रुंद व ७ फूट उंच असे एक दार आणि ४ फूट लांबरुंद अशा दोन खिडक्या वजा केल्या की ३८७ चौरस फूट उरतात. एका लिटरात ५० चौरस फुटांना दोन हात बसतील असे डब्यावर लिहिले असेल, तर ८ लिटर रंग पुरे. हे गणित न करणाऱ्याच्या माळ्यावर अर्धवट डबे वर्षानुवर्षे वाळत पडलेले असतात.

आता जुन्या घरांविषयी. पार्ल्यात टिळक विद्यालय १९२१ साली आणि लोकमान्य सेवा संघ १९२३ साली स्थापन झाला. त्या काळच्या कौलारू घरांपैकी आज येथे थोडीच उरली आहेत. परंतु कोकणात तुमचे आजोळ असेल, तर तेथे चुन्याने सारवलेल्या भिंती तुम्ही अजूनही पाहाल. अशा भिंतीत शिरलेली ओल चुन्याच्या छिद्रांतून हळूहळू बाहेर निघून जाते. तिच्यावर सिमेंटचा घट्ट गिलावा चढवला, तर ओल आतच कोंडते. जुन्या भिंतीला चुनाच मानवतो, आणि तो स्वस्तही असतो.

चुनखडी भट्टीत भाजली म्हणजे कळीचा चुना मिळतो. तो पाण्यात टाकताच एवढी उष्णता निर्माण होते की पाणी उकळू लागते. हे काम मोठ्यांनीच, डोळ्यांना चष्मा लावून करावे. चुन्याचा एक शिंतोडाही डोळ्याला कायमची इजा करू शकतो. विरलेला चुना गाळून ताकासारखा पातळ करतात, त्यात थोडी नीळ घालतात आणि भिंत आधी पाण्याने भिजवून कुंचल्याने तो लावतात. ओला असताना तो भिंतीवर जवळजवळ दिसतच नाही. नवशिक्या घाबरतो आणि जाड हात मारतो. तो नंतर भुकटी होऊन कपड्यांना लागतो. पातळ हात देऊन थांबावे. वाळताना चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो आणि पुन्हा चुनखडी बनतो. तसतशी भिंत शुभ्र होत जाते. असे दोन-तीन पातळ हात पुरतात.

उरलेला दाट चुना फेकू नये. झाकणाच्या भांड्यात त्यावर चार बोटे पाणी राखले, म्हणजे त्याला हवा लागत नाही आणि तो पुढील वर्षी उपयोगी पडतो. असा मुरलेला चुना अधिक मऊ लागतो. प्राचीन रोममध्ये तर तीन वर्षे मुरल्याशिवाय चुना बांधकामात वापरू नये असा नियम होता, असे तेथील प्लिनी या ग्रंथकाराने लिहून ठेवले आहे.