आधी पाणी, मग पाखरं

लोणखेड्याहून धुळे, मालेगाव, चांदवड करत निफाड तालुक्यात उतरलं, की ऊस, कांदा आणि द्राक्षबागांच्या मधोमध एक विस्तीर्ण जलाशय लागतो. हे नांदूर मध्यमेश्वर. गोदावरी-कादवा संगमाच्या खाली इंग्रजी अमदानीत दगडी बंधारा घातला गेला, तो कालव्यांतून शेतीला पाणी देण्यासाठी. बंधाऱ्यामागे नद्यांचा वेग मंदावला, गाळ तळाशी बसत गेला आणि त्याची बेटं झाली. बेटांवर गवत, पाणकणीस, बाभळी वाढल्या. सभोवार पाणी असल्यामुळे कुत्र्यांचा, गुराढोरांचा त्रास कमी. पाखरांना याहून काय हवं? डॉ. सालिम अलींनी या जागेला ‘महाराष्ट्राचं भरतपूर’ म्हटलं. १९८६ साली इथे अभयारण्य झालं आणि २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून ते जाहीर झालं.

चापडगावच्या निरीक्षण मनोऱ्यावर उजाडायच्या आत पोहोचावं. माझ्यासोबतचा वाटाड्या तिथलाच तरुण होता. त्याने तिकाटण्यावर दुर्बीण बसवली, पण डोळा लावला नाही. आधी काठावरच्या ओल्या चिखलाची रेघ न्याहाळली. “भाऊ, आधी पाणी बघायचं, मग पाखरं,” तो म्हणाला. काल पाणी कुठवर होतं, ते त्या रेघेवरून कळतं. पाणी उतरलं असेल तर बेटांच्या कडेचा चिखल उघडा पडतो आणि तुतवार, शेकाट्या तिथे चरायला येतात. बदकं उथळ पाण्यात सापडतात. पाणी चढलं, की चिखल बुडतो आणि चिखलातली पाखरं दुसरीकडे उठून जातात.

उजेड वाढला तसा समोरचा जथा उलगडू लागला. थापट्या बदकं घोळक्याने पाण्यावर गोल गोल फिरत होती. त्यांच्या पायांनी तळचं अन्न वर ढवळलं जातं आणि रुंद, चपट्या चोचीतून पाणी गाळून ती ते टिपतात. पलीकडे चमचा पक्षी अर्धवट उघडी चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरवत चालला होता. गढूळ पाण्यात त्याला डोळ्यांचा फारसा उपयोग नाही. चोचीला मासा लागला, की ती मिटते. बेटाच्या टोकावर चक्रवाकांच्या जोड्या बसल्या होत्या. हिमालयापलीकडून आलेल्या त्या केशरी पाखरांकडे कितीही वेळ पाहिलं तरी मन भरत नाही.

मग मोजणी. हजारभर बदकं एकेक करून मोजता येत नाहीत. वाटाड्याने दहा बदकं नीट मोजली आणि तेवढ्यांनी किती जागा व्यापली ते नजरेत धरलं. त्या मापाने शंभर, आणि शंभरांच्या मापाने सगळा थवा. मोजणी डावीकडून उजवीकडे. एकदा ओलांडलेल्या बेटाकडे पुन्हा वळायचं नाही. मधेच दलदल भोवत्या हा शिकारी पक्षी आला, सगळा थवा उडाला, तेव्हा तो आकडा खोडून थवा बसल्यावर त्याने पहिल्यापासून सुरुवात केली. वहीत वेळ, वारा, ढग आणि पाण्याची पातळी आकड्याशेजारी लिहिली. पाण्याची नोंद नसेल तर त्या आकड्याचा अर्थच लागत नाही, कारण पाखरं घटली ती कशाने, हे सांगता येत नाही.

अशा मोजणीची खरी किंमत इथेच कळते. ही बेटं बंधाऱ्यामुळे झाली आणि वरच्या धरणांतून पाणी कधी, किती सुटतं यावर ती टिकतात. गाळ वाढत राहिला तर जलाशय उथळ होतो, पाणवनस्पती माजतात आणि मोकळं पाणी आक्रसतं. हे बदल एका भेटीत दिसत नाहीत. वर्षानुवर्षांच्या वह्यांतून दिसतात.

आपल्या तापीवरही प्रकाशा आणि सारंगखेड्याचे बॅरेज आहेत. तिथेही पाणी थांबतं, आणि थांबल्या पाण्यात गाळ बसणारच. म्हणून शहादा-लोणखेडा परिसरातल्या महाविद्यालयांना माझी कळकळीची विनंती आहे: दर हिवाळ्यात ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागांवरून मुलांना पाखरं मोजायला लावा आणि शेजारी पाण्याची पातळी लिहून घ्या. दहा वर्षांची अशी वही हाताशी असेल, तर पाणी कधी आणि किती सोडावं याबद्दल पाटबंधारे खात्याशी आपल्याला पुराव्यानिशी बोलता येईल.